विचारणारा कोण?

१ जानेवारी १८५५ पासून स्कॉटलंडमध्ये जन्म, लग्न आणि मृत्यू सरकारी वहीत नोंदवणं सक्तीचं झालं. शेजारच्या इंग्लंडात ही पद्धत १८३७ मध्येच सुरू झाली होती. अठरा वर्षांचा हा उशीर स्कॉटलंडने पहिल्याच वर्षी व्याजासकट भरून काढला. मूल जन्माला आलं की आईबापांची नावं तर हवीतच, वर दोघांची वयं, दोघांची जन्मगावं, लग्न कधी नि कुठे झालं, या मुलाआधी किती मुलं झाली, त्यांतली हयात किती, गेली किती, हे सगळं सांगायचं. माणूस वारला तर तो मूळचा कुठला, या भागात किती वर्षं राहत होता, आईवडील कोण, लग्न कुणाशी झालं, मुलांची नावं नि वयं काय, पुरलं कुठे. निबंधकांचे हात भरून आले असावेत, कारण १८५६ मध्ये यांतले कितीतरी रकाने गाळून टाकले. काही १८६१ मध्ये परत आले. आपल्या एखाद्या खापरपणजोबांनी नेमका १८५५ मध्येच देह ठेवला हे कळल्यावर वंशावळ शोधणाऱ्याला जो आनंद होतो, तो चारचौघांत सांगण्यासारखा नसतो.

हे पुस्तक माझ्या सासरच्या माणसांचं आहे. सोयरीक जुळवताना आपल्याकडे आधी घराणं विचारतात. माझ्या लग्नात ते नीट विचारणं माझ्या माहेरच्या कुणालाच जमलं नाही. तो अनुशेष भरून काढायचा म्हणून मी मराठीत लिहिलं. सासर बॅन्फशायरचं. स्कॉटलंडच्या ईशान्येला, मोरे फर्थ या आखाताच्या काठचा हा जुना जिल्हा. घराण्यात एकही सरदार नाही, किल्ला नाही, लढाईत पडलेला सेनापती नाही. नांगरे आहेत, मासेमार आहेत, जाळी विणणाऱ्या बायका आहेत, मोठ्या शेतांवर चाकरीला राहिलेल्या मुली आहेत.

अशी माणसं स्वतः होऊन काही लिहून ठेवत नाहीत. त्यांच्याबद्दल जे काही कागदावर आहे, ते कुणीतरी विचारलं म्हणून आहे. निबंधकाने विचारलं, पाद्र्याने विचारलं, गरिबांना मदत वाटणाऱ्या इन्स्पेक्टरने विचारलं, कोर्टाने विचारलं. ज्याने विचारलं त्याला स्वतःचं काही हवं होतं आणि उत्तर देणाऱ्यालाही ते ठाऊक होतं. म्हणून या पुस्तकात प्रत्येक कागदापाशी मी आधी एकच चौकशी केली आहे: हा लिहून कुणी घेतला, आणि कशासाठी? ती केली नाही तर हाती नुसती नावांची आणि तारखांची माळ उरते. तसल्या माळा स्कॉटलंडमध्ये हव्या तेवढ्या मिळतात.

आधी या दप्तराचे उपकार मानायला हवेत. स्कॉटलंडच्या मृत्युनोंदीत मेलेल्या माणसाच्या बापाचंच नव्हे, आईचंही नाव असतं, आणि तेही माहेरच्या आडनावासकट. इंग्लंडच्या त्या काळच्या मृत्युनोंदीत हे नव्हतं. स्कॉटलंडच्या कायद्याच्या कागदांत लग्न झालेली बाई आपल्या मूळ आडनावानेच वावरते. चर्चच्या अंगणातल्या थडग्यांवरही ‘अमुक रॉस, तमुक स्मिथची पत्नी’ असंच कोरलेलं असतं. लग्नानंतर ज्यांचं पहिलं नावही बदललं अशा आज्यांच्या देशातून मी इथे आले. सासरच्या चुलत-आत्ये-मावस शाखा आयांच्या बाजूने दोनशे वर्षं मागे नेता येतात हे पाहिल्यावर मला हेवा वाटला, हे कबूल करते.

मुलांची नावं ठेवण्याचा एक क्रमही पूर्वी बऱ्याच घरांत पाळला जाई. पहिला मुलगा बापाच्या बापाच्या नावाचा, दुसरा आईच्या बापाच्या, तिसरा बापाच्या. पहिली मुलगी आईच्या आईच्या नावाची, दुसरी बापाच्या आईच्या, तिसरी आईच्या. आजोबांचं नाव नातवाला देणाऱ्या मराठी माणसाला यात नवल वाटू नये. शोधणाऱ्याला मात्र याचा जितका उपयोग तितकाच ताप. चार भावांनी आपापल्या थोरल्या मुलाला एकाच आजोबांचं नाव दिलं की एकाच गावात, एकाच सुमाराला जन्मलेले चार अलेक्झांडर उभे राहतात, आणि त्यांतला आपला कोणता हे ठरवता ठरवता नाकी नऊ येतात. कोळीवाड्यांत तर आडनावंही मोजकी. पोर्टनॉकीत मेअर, वुड, पिरी, स्लेटर. बकीत काऊवी नि स्मिथ. म्हणून या किनाऱ्यावर प्रत्येक घराला टोपणनाव असे, त्याला तिथे ‘टी-नेम’ म्हणतात, आणि ती इतकी गरजेची होती की सरकारी नोंदींतही लिहिली जात.

१८५५ च्या आधीचं सगळं चर्चच्या हातात. स्कॉटलंडमध्ये सुमारे नऊशे पॅरिश, म्हणजे चर्चचे विभाग, होते आणि प्रत्येकाची वही वेगळी, प्रत्येक कारकुनाचा आळस वेगळा. सर्वांत जुनी वही पर्थशायरमधल्या एरल गावची, १५५३ ची. कित्येक गावांच्या वह्या मात्र अठराव्या शतकापर्यंत सुरूच होत नाहीत. १७८३ मध्ये सरकारने प्रत्येक नोंदीवर तीन पेन्सांचा कर बसवला. परिणाम काय झाला ते सांगायला नको. पोराचा बाप्तिस्मा झाला, नोंद झाली नाही. १७९४ मध्ये कर गेला, पण मधल्या वर्षांत जन्मलेली कितीतरी माणसं कागदावर जन्मलीच नाहीत. १८४३ मध्ये चर्च दुभंगलं. थॉमस चामर्स यांच्या मागोमाग साडेचारशेच्या वर पाद्री बाहेर पडले आणि त्यांनी फ्री चर्च काढलं. त्यांच्याबरोबर गेलेल्या कुटुंबांच्या नोंदी जुन्या वह्यांत सापडत नाहीत. मृत्यूचं तर विचारूच नका. पॅरिशकडे शवपेटीवर पांघरायची एक काळी चादर असे आणि ती भाड्याने दिली जाई. किती ठिकाणी माणसाच्या मरणाचा एकमेव पुरावा म्हणजे त्या चादरीच्या भाड्याची जमा! माणूस गेल्याचं दुःख वहीला नव्हतं. पैसे आल्याची नोंद हवी होती.

पण याच चर्चने एक असं दप्तर ठेवलं की त्यापुढे बाकीचे कागद कोरडे वाटतात. पाद्री आणि गावातले प्रतिष्ठित वडीलधारे मिळून एक पंचायत असे, तिला ‘कर्क सेशन’ म्हणत. रविवारी जाळं टाकलं, दारू पिऊन भांडण केलं, शेजारणीला चेटकीण म्हटलं, लग्नाआधी दिवस गेले, सगळ्याचा निवाडा तिथे. कुमारी मुलीला दिवस गेले की तिला बोलावून बापाचं नाव विचारायचं. तिने ते सांगितलं नाही तर बाळंतपणाच्या कळांमध्ये सुइणीने ते काढून घ्यायचं. मग दोघांनी तीन रविवार सगळ्या गावासमोर उभं राहून बोलणी खायची आणि दंड भरायचा. दंड गरिबांच्या पेटीत जाई. हे सारं तारीखवार लिहिलेलं आहे, कधी कधी त्या मुलीच्या तोंडच्या शब्दांसकट. ते वाचताना दोन गोष्टी एकदम होतात. विचारणाऱ्याची चीड येते, आणि त्याने लिहून ठेवलं म्हणून जीव सुखावतोही.

या पंचायतीपुढे उभं राहिलेला सर्वांत प्रसिद्ध माणूस रॉबर्ट बर्न्स. १७८६ मध्ये त्याच्यापासून जीन आर्मर गरोदर राहिली. दोघांनी आपसांत लग्नाचा कागद केला होता. जीनच्या बापाने त्यातली नावं कापून टाकायला लावली. मॉक्लिनच्या चर्चमध्ये कवीने जाहीर कानउघाडणी ऐकून घेतली आणि बदल्यात आपण अविवाहित असल्याचा दाखला मिळवला. पुढे दोघं एकत्र आली. ऑगस्ट १७८८ मध्ये त्याच पंचायतीने ते लग्न मानलं आणि बर्न्सने गरिबांसाठी एक गिनी दिली. हे शक्य झालं ते स्कॉटलंडच्या कायद्यामुळे. दोघांनी ‘आम्ही नवरा-बायको’ असं एकमेकांना सांगितलं की लग्न लागलं. पाद्री नको, नोंद नको. हा कायदा १९४० पर्यंत होता. म्हणून स्कॉटलंडमध्ये लग्नाची नोंद मिळाली नाही याचा अर्थ लग्न झालंच नाही असा लावू नये. आणि हो, बर्न्सचे वडील आपलं आडनाव वेगळं लिहीत, ‘बर्नेस’च्या वळणाचं, मुलाने ते १७८६ मध्ये ‘बर्न्स’ केलं. राष्ट्रकवीच्या घरात जर हे, तर नांगऱ्याच्या आडनावाची अक्षरं दर दहा वर्षांनी बदलली म्हणून हताश होऊ नये.

बॅन्फशायरकडे परत यायला हवं, कारण लग्नाबाहेरच्या जन्मांसाठी हा जिल्हा एकोणिसाव्या शतकात देशभर बदनाम होता. सरकारी आकडे पहिल्यांदा छापून आले तेव्हा शहरांतल्या सभ्य लोकांना धक्का बसला. त्यांना वाटत होतं पाप ग्लासगोच्या गल्ल्यांत असतं. निघालं ते धर्मभीरू शेतकऱ्यांच्या मुलखात. कारणं शोधायला फार लांब जावं लागत नाही. इथल्या शेतांवर अविवाहित गडी सहा महिन्यांच्या बोलीने ठेवत. मे आणि नोव्हेंबरमध्ये गड्यांचा बाजार भरे, सौदा ठरला की ट्रंक उचलून नव्या शेतावर जायचं. लग्न केलं तर राहायला खोपटं हवं, आणि मालक खोपटी बांधत नव्हते. त्यांना एकटे गडीच सोयीचे. मग मूल आजीकडे वाढायचं, आई पुन्हा चाकरीला जायची, आणि कधी दोन-चार वर्षांनी त्याच गड्याशी तिचं लग्न व्हायचं. स्कॉटलंडच्या कायद्याने असं लग्न झालं की आधीचं मूल औरस ठरे. जन्मनोंदीत मात्र ‘अनौरस’ हा शब्द तसाच राही, आणि बापाने स्वतः येऊन सही केल्याशिवाय किंवा कोर्टाने सांगितल्याशिवाय त्याचं नाव रकान्यात पडत नसे. कोर्टात गेलेल्या मुलींच्या नोंदींच्या समासात पुढच्या दुरुस्तीचा हवाला असतो. तो समास चुकवू नये. माझ्या पाहण्यात त्या समासात जितकी हिंमत आहे तितकी मुख्य रकान्यांत नाही.

तिसरा विचारणारा गरिबांचा इन्स्पेक्टर. १८४५ च्या कायद्याने प्रत्येक पॅरिशवर आपल्या निराधारांना पोसण्याची जबाबदारी आली. ‘आपला’ म्हणजे कोण, यावरून पॅरिशपॅरिशमध्ये भांडणं. जन्म कुठला, सलग पाच वर्षं कुठे राहिला, नवरा कुठला, बाप कुठला, हे खणून काढल्याशिवाय खर्च कुणाच्या माथी मारायचा हे ठरत नसे. त्यामुळे मदत मागायला आलेल्या विधवेचा अख्खा जन्म इन्स्पेक्टर लिहून घेई. ग्लासगोच्या मिचेल लायब्ररीत असे अर्ज ढिगांनी जपलेले आहेत. हातातोंडाची गाठ पडणाऱ्या शिंप्याबद्दल चार ओळी मिळत नाहीत, आणि त्याच्या भावाबद्दल, ज्याचा पाय गेला आणि ज्याला हात पसरावा लागला, पानभर मिळतं. दर दहा वर्षांच्या जनगणनेतही सरकारची गरज डोकावते. १८४१ च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरच्या माणसांची वयं पाचाच्या पटीत खाली ओढून लिहायला सांगितलं होतं, म्हणून एकोणतीस वर्षांची बाई पंचवीसची होते. त्यावरून जन्मसाल काढणाऱ्यांची मग फजिती.

डोंगराळ उत्तर-पश्चिमेची, हायलँड्सची गोष्ट वेगळी. तिथली माणसं गेलिक बोलत आणि कारकून इंग्रजीत लिही. घरात जो टॉरमॉड तो वहीत नॉर्मन, जो गिलेस्पिक तो आर्चिबाल्ड. वंशावळ मात्र तोंडपाठ असे: अमक्याचा मुलगा, तमक्याचा नातू, सहा-सात पिढ्यांपर्यंत. अनोळखी पोराला तिथले म्हातारे आजही ‘तू कुणाचा?’ असंच विचारतात, आणि आपल्या खेड्यातल्या पारावर बसल्यासारखं वाटतं. या मुलखातून एकोणिसाव्या शतकात जमीनदारांनी मेंढ्यांसाठी माणसं हुसकली, १८४६ पासून बटाट्याचं पीक सडलं, आणि जहाजं भरभरून लोक कॅनडाला नि ऑस्ट्रेलियाला गेले. उरलेल्यांची गाऱ्हाणी ऐकायला १८८३ मध्ये लॉर्ड नेपियर यांचं कमिशन आलं. पहिली बैठक स्काय बेटावर ब्रेझला. पहिला साक्षीदार अँगस स्ट्यूअर्ट. त्याने तोंड उघडण्याआधी हमी मागितली, की खरं बोललो म्हणून मला जमिनीवरून काढणार नाही ना? कागद कसा वाचावा हे मला त्या एका प्रश्नाने जितकं शिकवलं तितकं कुठल्याही पुस्तकाने नाही. त्या साक्षी छापलेल्या आहेत, आणि १८८६ च्या कुळकायद्यामागे त्या आहेत.

टार्टनबद्दल, त्या चौकड्यांच्या कापडाबद्दल, लिहिलंच पाहिजे, नाहीतर पर्यटक रागावतील. आडनाव मॅकडॉनल्ड आहे म्हणून तुम्ही त्या टोळीच्या सरदाराचे वंशज नव्हेत. कूळ धन्याचं नाव लावी तसं कितीकांनी ते लावलं. १७४६ च्या कायद्याने हायलँडच्या पोशाखावर बंदी आली, १७८२ मध्ये ती उठली, आणि १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला तेव्हा सर वॉल्टर स्कॉट यांनी सगळ्या शहराला चौकड्या नेसवल्या. प्रत्येक आडनावाला ठरलेलं कापड ही कल्पना मुख्यतः त्यानंतरच्या व्यापाराची. विकत घ्या, हौसेने नेसा. पुरावा म्हणून दाखवू नका.

आता मराठी वाचकाच्या ओळखीचं एक नाव. मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत लिहिणारा जेम्स ग्रँट डफ १७८९ मध्ये बॅन्फशायरमधल्याच बॅन्फ गावात जन्मला. मुंबईच्या फौजेत तो पोरवयात आला, साताऱ्याला रेसिडेंट झाला, आजारी पडून परतला आणि १८२६ मध्ये त्याचा इतिहास तीन खंडांत निघाला. जन्माने तो नुसता ग्रँट. आईकडून ईडनची जमीन आली तेव्हा ‘डफ’ जोडलं गेलं. स्कॉटलंडमध्ये जमिनीबरोबर आडनावही वारशाने येऊ शकतं, हे त्याच्या उदाहरणावरून ध्यानात ठेवावं. त्याच्यामागे मुंबई इलाख्यात आलेल्या स्कॉटिश शिपायांचे, डॉक्टरांचे, मिशनऱ्यांचे बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या चर्चच्या विवरणांत आहेत. मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांची पत्नी मार्गारेट बेन, जिने मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या आणि जी १८३५ मध्ये तिथेच गेली, तिच्याबद्दल पुष्कळ मिळतं. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांना हिंदुस्थानातल्या बायकांपासून झालेल्या मुलांच्या नोंदीही मिळतात. त्यांत बापाचा हुद्दा असतो, पलटण असते. आईचं नाव बहुतेक वेळा नसतं. ज्या देशाच्या वह्या मेलेल्याच्या आईचं माहेर विसरत नाहीत, त्याच देशाच्या माणसांनी तिथे हे विचारायची तसदी घेतली नाही.

गुलामांच्या कष्टावर चाललेल्या जमैकातल्या मळ्यांचंही तसंच. १८३३ च्या कायद्याने गुलामगिरी संपवताना ब्रिटिश सरकारने दोन कोटी पौंड नुकसानभरपाई दिली, ती मालकांना. कुणाला किती मिळाली याची यादी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने सगळ्यांसाठी खुली केली आहे आणि तीत स्कॉटिश नावांची रीघ आहे. कधी काळी उसाच्या मळ्यावरून आलेल्या पैशात बांधलेल्या घराचं चित्र दिवाणखान्यात लावणाऱ्यांनी ती यादी एकदा पाहावी.

मिळालेलं सगळं सांगावं का, हा प्रश्न घरात बराच काळ चालला. सासूबाईंचं मत असं की मेलेल्यांना लाज वाटत नाही, जिवंतांना वाटते. तेव्हा जिवंतांची नावं नकोत आणि मेलेल्यांचं काही लपवू नको. स्कॉटलंडचं सरकारही साधारण याच विचाराचं आहे: जन्माची नोंद शंभर वर्षांनी, लग्नाची पंचाहत्तर वर्षांनी, मृत्यूची पन्नास वर्षांनी घरबसल्या पाहायला मिळते, जनगणना शंभर वर्षांनी उघडते. मी ते हिशेब पाळले. पणजीच्या आईला चर्चमध्ये उभं केलं तो प्रसंग मात्र गाळला नाही. तिची नात आमच्याकडे नाव घ्यायची ती तिच्या पोळपाटाचं आणि तिच्या जरबेचं. त्या जरबेचं मूळ कुठे होतं ते वाचणाऱ्याला समजावं असं वाटलं. दुसरीकडे, इतरांनी तयार केलेल्या वंशावळींतून मी काहीही उचललं नाही. एकाने चुकीचा अलेक्झांडर जोडला की शंभरजण तो उतरवून घेतात, आणि मग शंभरांचं एकमत हाच पुरावा होऊन बसतो. जिथे दोन माणसांमधला दुवा मला कागदावर मिळाला नाही तिथे तसं लिहून पान सोडलं आहे.

पुस्तकाची रचना पिढ्यांप्रमाणे नाही, विचारणाऱ्यांप्रमाणे आहे. पहिलं प्रकरण निबंधकाचं, दुसरं चर्चच्या पंचायतीचं, तिसरं गरिबांच्या इन्स्पेक्टरचं, आणि शेवटचं मुंबईचं. एकच माणूस त्यामुळे दोन-तीनदा भेटतो, दर वेळी वेगळ्या तोंडाने बोलतो. वंशवृक्ष शेवटी जोडला आहे. तो आधी पाहिलात तरी हरकत नाही.

एक विनंती. स्कॉटिश मिशनचे कागद एडिंबरोच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. १८४३ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण शेषाद्रींसारख्या मोठ्या माणसांबद्दल त्यांत मिळतंच, पण कोकणातल्या, पुण्यातल्या, जालन्याच्या शाळांत शिकलेल्या साध्या मुलामुलींचे उल्लेखही मिशनऱ्यांनी मायदेशी पाठवलेल्या अहवालांत सापडतात. ज्यांचे पणजोबा-पणज्या अशा शाळांत होते त्यांनी ते जरूर मागवून पाहावेत, आणि घरात त्या काळचं काही पत्र, पुस्तक, फोटो असेल तर तारीख नि नावं आत्ताच मागे लिहून ठेवावीत, सांगणारी माणसं आहेत तोवर.